म्हापशातील ‘डायनर’: पदार्थांबरोबर त्यांचा इतिहासही वाढणारे उपाहारगृह

म्हापशाच्या बाजारापासून पायी सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या कौलारू घराच्या तळमजल्यावर, गेल्या पावसाळ्यानंतर अमेरिकन धाटणीचे एक उपाहारगृह सुरू झाले आहे. दारावरच्या पाटीवर फक्त ‘डायनर’ असे लिहिले आहे. मालकांनी त्याला वेगळे नाव दिलेले नाही. मी डिचोलीहून आतापर्यंत तीन वेळा तिथे जाऊन आले, दोनदा पुतणीबरोबर आणि एकदा एकटी. बर्गर, मिल्कशेक आणि बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या यांची गोव्यात वानवा नाही, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी इतक्या लांब जाण्याचे कारण नव्हते. मला ओढून नेले ते त्यांच्या मेनूकार्डाने. जवळजवळ प्रत्येक पदार्थाखाली तो कोणत्या गावात, कोणत्या साली आणि कोणाच्या गरजेतून जन्माला आला हे पाच-सहा ओळींत दिलेले असते. मूळ कार्ड इंग्रजीत आहे, परंतु या मजकुराची मराठी प्रत मागितल्यावर मिळते आणि तिचे मराठी स्वच्छ आहे. ज्यांनी पदार्थाबरोबर त्याचा इतिहास वाढायचे ठरवले आहे त्यांचे परीक्षण दोन्ही अंगांनी व्हावे असे मला वाटते. शिळा मासा आपण परत पाठवतो, तशी शिळी दंतकथाही परत पाठवायला हवी.

पहिल्या भेटीत आम्ही ओट्यासमोरच्या उंच स्टुलांवर बसलो आणि कांद्याचा बर्गर मागवला. इथे स्वयंपाकी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये फक्त एक लांब ओटा आहे, त्यामुळे सगळे डोळ्यांसमोर घडते. तापलेल्या लोखंडी तव्यावर खिम्याचा लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा पडतो, त्यावर कागदासारखा पातळ चिरलेला मूठभर कांदा येतो, आणि मग स्वयंपाकी रुंद कलथ्यावर दोन्ही हातांचा भार देऊन तो गोळा असा दाबतो की कांदा खिम्यात रुतून बसतो. कांद्याला पाणी सुटून त्याची वाफ होते आणि कडा तपकिरी होऊन चुरचुरू लागतात. उलटल्यावर पावाचे दोन्ही भाग त्या कांद्यावरच ठेवतात, म्हणजे पाव त्याच वाफेवर मऊ होतो. आम्ही मटणाचा खिमा घेतला होता, कोंबडीचाही मिळतो. चव साधी, मीठ नेमके, आणि कांद्याचा गोडवा शेवटच्या घासापर्यंत टिकणारा होता.

हा बर्गर ओक्लाहोमा राज्यातील एल रीनो या रेल्वेच्या गावचा आहे. १९२० च्या दशकात तिथे मांस परवडत नव्हते आणि कांदा स्वस्त होता. १९२२ साली रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांचा देशभर मोठा संप झाला, आणि हातात पैसा नसलेल्या माणसाचे पोट थोड्या मांसात भरावे म्हणून त्यात कांद्याची भर घालण्याची रीत तिथे रुजली. कार्डावर हे नेमके लिहिले आहे. आमच्याकडे आयत्या वेळी पाहुणे वाढले की सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, कालवणात कांदा आणि नारळ वाढतो. ती तडजोड पुढे घराची चव होऊन बसते आणि मग सुंगटे भरपूर असली तरी कांदा तेवढाच पडतो. एल रीनोतही तसेच झाले. मांस परवडू लागले तरी कांदा गेला नाही. इथल्या स्वयंपाक्याने कांद्याचे प्रमाण कमी करून पदार्थ भारदस्त करण्याचा मोह टाळला आहे, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे.

टेबलावर येणारे टोमॅटो केचप घरचे आहे आणि त्यात माडाच्या सुरेचे व्हिनेगर वापरतात. कार्डावर त्याच्या नावाचा प्रवास दिला आहे: चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील होक्कियन भाषेत माशाच्या आंबवलेल्या खाऱ्या पाण्याला जो शब्द होता तो इंग्रज व्यापाऱ्यांनी उचलला, इंग्लंडात त्याच नावाने अळंबीचे आणि अक्रोडाचे सॉस होऊ लागले, आणि टोमॅटोचा प्रकार बराच नंतर अमेरिकेत आला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेम्स मीझ यांनी १८१२ साली टोमॅटो केचपची कृती प्रसिद्ध केली आणि १८७६ पासून हाइन्झ यांनी ते विकायला सुरुवात केली. कार्डावर नसलेली एक गोष्ट मी इथे जोडते. केचप आज इतके गोड का असते, याचे कारण केवळ आवड हे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अन्न टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या रसायनांविरुद्ध अमेरिकेत चळवळ झाली, हाइन्झ यांनी बेंझोएट वगळले, आणि ते न घालता केचप टिकावे म्हणून पिकलेले टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर यांचे प्रमाण वाढवले. सुक्या मासळीचा पारा, म्हणजे लोणचे, सुरेच्या व्हिनेगरात मुरवणाऱ्या गोव्यात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. या दुकानाच्या केचपात मात्र लवंग फार आहे. बर्गरावर ती जिभेला टोचते.

माशाचे सँडविच हा इथला सर्वांत चांगला पदार्थ आहे, आणि नेमक्या त्याच्याखालीच कार्डावर एक ओळही नाही. इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, बोटभर जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, त्यावर अंड्याचा पांढरा सॉस, आणि त्या सॉसमध्ये काकडीऐवजी बारीक चिरलेले बिंबलीचे लोणचे. मासा आतून ओलसर होता आणि त्याचे पदर काट्याने सहज सुटत होते. पुतणीने एक संपवून दुसरे मागवले.

या सँडविचची हकिकत गोव्यात सांगितली जावी अशीच आहे. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात लू ग्रोएन नावाच्या गृहस्थांनी मॅकडॉनल्ड्सची शाखा चालवायला घेतली होती. वस्ती बहुतांशी कॅथलिक, आणि त्या काळी कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस खात नसत. शुक्रवार आला की ग्रोएन यांचे दुकान ओस पडे आणि लोक जवळच्या दुसऱ्या दुकानात मासा खायला जात. त्यांनी स्वतःचे माशाचे सँडविच तयार केले आणि ते कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांच्यापुढे ठेवले. क्रॉक यांची बिनमांसाच्या दिवसासाठी वेगळी कल्पना होती: पावात भाजलेली अननसाची चकती आणि चीज, नाव ‘हुला बर्गर’. १९६२ सालच्या गुड फ्रायडेला दोन्ही विकायला ठेवायचे आणि जे जास्त खपेल ते यादीत घ्यायचे असे ठरले. ग्रोएन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे त्या दिवशी माशाची ३५० सँडविचेस गेली आणि अननसाची ६. १९६५ पर्यंत ते सँडविच अमेरिकाभरच्या शाखांत पोहोचले. १९६६ साली तिथल्या बिशपांनी वर्षभरातील शुक्रवारचे बंधन सैल करून ते मुख्यतः ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळापुरते ठेवले, तरीही सँडविच राहिलेच.

सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण ठेवणाऱ्या आणि श्रावणात मासळीचा तवा बाजूला काढणाऱ्या गोव्यातील प्रत्येक खानावळवाल्याला ग्रोएन यांची अडचण एका वाक्यात समजेल. दुसऱ्या भेटीत मी ही हकिकत मालकांना सांगितली. ते स्वतः ख्रिस्ती, त्यांचे वडील तारवटी होते आणि जहाजावरून न्यूयॉर्कला अनेकदा गेलेले. या दुकानाची कल्पना वडिलांच्या आठवणींतून आली असे ते सांगतात. त्यांनी बिलाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर साल आणि गावाचे नाव लिहून घेतले आणि म्हणाले, “बाई, उपवासाच्या शुक्रवारी आमच्या घरी माशाशिवाय दुसरे काही शिजत नसे. हे ठाऊक असते तर मी हेच पहिल्या पानावर घातले असते.”

पहिल्या पानावर सध्या जे आहे ते चुकीचे आहे. तिथे लिहिले आहे की डायनर म्हणजे रेल्वेचे जुने भोजनाचे डबे, जे निकामी झाल्यावर रस्त्याकडेला आणून ठेवले. दुकानाचे गोलसर पत्र्याचे छत आणि खिडक्यांची रांगही याच समजुतीतून केलेली दिसते. खरी सुरुवात घोडागाडीतून झाली. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर रात्री गाडी उभी करून कॉफी, सँडविच आणि पाय विकायला आरंभ केला, कारण रात्रपाळीच्या छापखाना-कामगारांना त्या वेळी खायला दुसरीकडे काही मिळत नसे. पुढे गिऱ्हाइकाला आत उभे राहता येईल एवढ्या मोठ्या गाड्या आल्या, त्या बांधण्याचे कारखाने निघाले, आणि कारखान्यात तयार होऊन आख्खेच्या आख्खे जागेवर पोहोचवता यावे म्हणून त्यांचा आकार लांबट आणि अरुंद राहिला. विजेच्या ट्राम आल्यावर घोड्यांच्या काही जुन्या ट्रामगाड्यांची अशी उपाहारगृहे झाली हेही खरे आहे. परंतु मूळ रेल्वेत नव्हते. ते रात्री उशिरा भूक लागलेल्या कामगाराजवळ उभ्या राहिलेल्या गाड्यात होते. रात्री साडेदहाला म्हापशात किंवा पणजीत रस-ऑम्लेटच्या गाड्याभोवती उभे राहून खाल्लेल्या माणसाला रेल्वेच्या डब्यापेक्षा हीच हकिकत जवळची वाटेल. मालकांनी ती स्वीकारावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

बटाट्याच्या वेफर्सखालीही अशीच दंतकथा आहे. साराटोगा येथील स्वयंपाकी जॉर्ज क्रम यांनी १८५३ साली एका धनाढ्य गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर चिडून बटाटे पातळ कापून तळले आणि वेफर्सचा शोध लागला, असे ती सांगते. त्या प्रसंगाला समकालीन पुरावा नाही, आणि बटाट्याच्या पातळ चकत्या तळण्याची कृती इंग्लंडात १८१७ साली छापलेली आहे. क्रम मात्र खरे होते आणि नावाजलेले होते. कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी अशा दोन्ही वंशांचा हा माणूस त्या काळात स्वतःच्या नावावर उपाहारगृह चालवत होता. रागाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे आणि तिच्यासाठी कार्डावर जागा नाही, याचे मला वाईट वाटले. वेफर्स स्वतः चांगले होते. पातळ, कोरडे, तेलाचा वास नसलेले.

मिल्कशेकांमध्ये माल्टचा मिल्कशेक अवश्य घ्यावा. त्याची भुकटी म्हणजे आपल्याकडच्या घरोघरी माहीत असलेले हॉर्लिक्सच. लहानपणी तापातून उठल्यावर आई कोमट दुधात दोन चमचे घालून द्यायची, बाटलीच्या तळाशी गोळा झालेली भुकटी मी बोटाने खरवडून खात असे, आणि तो पदार्थ इंग्रजी आहे अशीच माझी समजूत होती. जेम्स आणि विल्यम हे हॉर्लिक बंधू इंग्रज होते खरे, परंतु त्यांनी धंदा १८७३ साली शिकागोत सुरू केला, १८७६ साली तो विस्कॉन्सिनमधील रसीन येथे नेला, आणि मोड आणलेले जव, गहू व दूध यांच्या भुकटीचे पेटंट १८८३ साली अमेरिकेतच घेतले. सुरुवातीला ती तान्ह्या मुलांसाठी आणि आजारी माणसांसाठी होती, म्हणून औषधांच्या दुकानात मिळे. आणि त्या काळी अमेरिकेतील औषधांच्या दुकानातच सोड्याचा ओटाही असे. एकाच छताखाली औषधाची भुकटी आणि थंड पेय आल्यावर पुढचे ओघाने झाले. १९२२ साली शिकागोच्या वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानात आयव्हर कोल्सन यांनी माल्टच्या दुधात व्हॅनिला आइस्क्रीम घातले. देशात दारूबंदी होती, गुत्ते बंद होते, आणि संध्याकाळी एकत्र बसायला लोकांना सोड्याचा ओटा हवाच होता. म्हापशातील हे पेय उंच काचेच्या पेल्यात येते आणि उरलेले ज्या स्टीलच्या भांड्यात घुसळले ते भांडेही शेजारी ठेवतात, हे योग्य आहे. साखर कमी घालायला सांगावे.

कॉफी निळ्या-पांढऱ्या कागदी पेल्यात देतात. त्यावर ग्रीक कलशाचे चित्र, काठाला ग्रीक नक्षी आणि ‘आपली सेवा करण्यात आम्हाला आनंद आहे’ अशा अर्थाचे वाक्य आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर अनेक दशके लोकांच्या हातात जो पेला असे त्याची ही नक्कल आहे. त्याची रचना १९६३ साली लेस्ली बक यांनी केली. ते चित्रकार नव्हते, पेले बनवणाऱ्या कंपनीत विक्रीचे काम पाहत होते. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले ज्यू, नाझींनी आईवडिलांना मारलेले, स्वतः आउश्विट्झ आणि बुखेनवाल्डमधून वाचलेले. न्यूयॉर्कमधील बरीच डायनर्स ग्रीक स्थलांतरितांची होती, म्हणून त्यांनी ग्रीक ध्वजाचे रंग घेतले. कलशाच्या ‘अँफोरा’ या नावाचा त्यांच्या उच्चारात ‘अँथोरा’ झाला आणि पेल्याला तेच नाव पडले. कार्डावर ही हकिकत पूर्ण आणि अचूक आहे. संपूर्ण कार्डात मला ती सर्वांत चांगली लिहिलेली वाटली. कॉफी कडक आहे आणि दुसरा पेला फुकट मिळतो.

कोपऱ्यात रंगीत दिव्यांचे ज्यूकबॉक्स आहे. जवळ गेल्यावर कळते की ती केवळ पेटी आहे. गाणी आत ठेवलेल्या फोनवरून वाजतात आणि नाणे टाकायची फट बंद केलेली आहे. पुतणी खिशातले नाणे हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि तशीच परत आली. असे यंत्र पहिल्यांदा २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात लुई ग्लास यांनी बसवले, तेव्हा त्याला भोंगा नव्हता. चार नळ्या होत्या आणि पाच सेंट टाकणाऱ्याने त्यातली एक कानाला लावायची. पुढे कृष्णवर्णीयांच्या नाचघरांना ‘ज्यूक’ म्हणत, त्यावरून या पेटीचे नाव पडले. रेडिओ त्यांच्या गायकांना फारशी जागा देत नसताना त्यांच्या तबकड्या या पेट्यांतूनच लोकांपर्यंत पोहोचल्या.

आणि इथे मला या दुकानाची सर्वांत मोठी उणीव दिसते. ज्या बार्देश तालुक्यात ते उभे आहे, त्याच तालुक्यातील हळदोणे गावी १९१६ साली आंतोनियो शाविएर वाझ यांचा जन्म झाला. ट्रम्पेटवादक म्हणून मुंबईत ते चिक चॉकलेट या नावाने ओळखले गेले आणि लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९३० च्या दशकात अमेरिकेतील टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते, गोव्याचे वादक त्यांच्यासोबत बसून जॅझ शिकत होते, आणि तेच वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. म्हणजे आपण मराठी माणसांनी रेडिओवर ज्या चाली ऐकून मान डोलावली, त्यांतल्या ट्रम्पेटमध्ये जॅझचे माहेर असलेले न्यू ऑर्लिन्सही होते आणि हळदोणेही. या पेटीत तीस-चाळीस गाणी आहेत आणि त्यांत हा माणूस नाही. मालकांना हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले की त्यांचे आजोळ हळदोण्याचेच आहे.

वाढपी मुले निळ्या डंगरी घालतात. कापडाचे हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत गेले, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. सांगितल्यावर एकाने लगेच मोबाइलवर शोधून पाहिले. भिंतीवर न्यूयॉर्कच्या रस्त्यातून वाफ निघत असल्याचे मोठे छायाचित्र आहे आणि खाली ‘गटारातील वायू’ असे लिहिले आहे. तेही दुरुस्त करावे. १८८२ पासून त्या शहरात इमारती उबदार ठेवण्यासाठी जमिनीखालच्या नळांतून वाफ पुरवली जाते, आणि त्या तापलेल्या नळांवर पाणी पडले किंवा कुठे गळती झाली की ती वर येते. छायाचित्रात रस्त्याच्या मधोमध जसे ओतीव लोखंडाचे झाकण दिसते, तशी त्या शहरातील अनेक झाकणे हावड्याच्या भट्ट्यांत ओतलेली आहेत आणि त्यांवर भारतात बनवल्याची अक्षरे असतात.

आता व्यवहाराच्या गोष्टी. दोन माणसांचे पोटभर खाणे आणि पेये मिळून साधारण ९०० रुपये होतात. म्हापशाच्या मानाने हे थोडे जास्त आहे, परंतु मासा ताजा आणि तेल स्वच्छ असल्याने मला ते अवाजवी वाटले नाही. शिवराक खाणाऱ्यांसाठी फक्त दोन पदार्थ आहेत आणि त्यांपैकी राजम्याचा बर्गर कोरडा होता. रविवारी आम्हाला बाहेरच्या बाल्कांवातील (ओसरीतील) सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, २५ मिनिटे थांबावे लागले, पण वाट पाहणाऱ्यांना पाणी आणि मेनूकार्ड आणून देण्याची पद्धत चांगली आहे. गाडी बाजाराजवळ लावून चालत जाणे सोयीचे. शुक्रवारी बाजारासाठी आलेली माणसे दुपारी तिथे वळतात आणि माशाचे सँडविच एकच्या सुमारास संपते, तेव्हा त्या दिवशी जायचे असेल तर बाराच्या आत पोहोचावे.